पावसाळा आला की बॉल पायथनला परत परत श्वासाचा त्रास: कुठे काय तपासायचं, आणि बराच होणार नसेल तेव्हा

मिरग लागला की आपल्या किनारपट्टीवर बॉल पायथन पाळणाऱ्यांच्या घरात तोच प्रकार सुरू होतो. साप तोंड जरासं उघडं ठेवून मान वर करून बसतो, श्वासाबरोबर घरघर नाहीतर टकटक आवाज येतो, ओठाच्या कडेला बुडबुडे दिसतात, उंदीर पुढे धरला तर मान फिरवतो. मग डॉक्टर, इंजेक्शनांचा कोर्स, आवाज थांबतो, घरच्यांना हायसं वाटतं आणि नारळी पौर्णिमा येईपर्यंत परत तेच. लोक म्हणतात औषध लागू पडत नाही. बहुतेक वेळा औषध लागू पडलेलं असतं, पण ज्या कारणाने आजार आला ते कारण टँकमध्ये, म्हणजे त्याच्या राहायच्या काचेच्या पेटीत, तसंच बसलेलं असतं. आणि काही वेळा आजारच असा असतो की तो जाणारा नसतो. हे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण पहिल्यात साप वाचतो आणि दुसऱ्यात आपल्याला वेळेत मन घट्ट करावं लागतं. आमची काजू, म्हणजे आमची बॉल पायथन, दुसऱ्या प्रकारात गेली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट, हे सगळं बॉल पायथनबद्दल आहे, म्हणजे आफ्रिकेतला साप जो कागदपत्रांसह घरात ठेवता येतो. आपल्याकडचा अजगर, धामण, दिवड वगैरे पाळायची सोय नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्याला आड येतो आणि ते बरोबरच आहे.

पहिला संशय उष्णतेवर घ्या, दमटपणावर नंतर

सगळे म्हणतात कोकणातली हवा दमट म्हणून होतं. अर्धंच खरं आहे. बॉल पायथनला साठ-सत्तर टक्के दमटपणा चालतो, कात टाकताना तर जास्तच लागतो. त्रास होतो तो दमट अधिक गार अधिक कोंदट अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की. जुलैत सूर्य दिसत नाही, रात्री पारा चोवीस-पंचवीसवर येतो, आपल्याला पांघरूण घेऊन छान झोप लागते, पण सापाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. त्याला टँकच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतं, म्हणजे तो हवं तसं इकडेतिकडे सरकतो. उबेचं टोकच २६-२७ वर आलं तर त्याची रोगाशी लढायची ताकद मंदावते, खाल्लेलं पचत नाही, आणि अँटिबायोटिकसुद्धा नीट काम करत नाही. म्हणून इंजेक्शन चालू असताना टँक गार असेल तर कोर्स पूर्ण करूनही आजार मागे राहतो. आजारी सापाला चांगले डॉक्टर पहिल्यांदा ऊबच द्यायला सांगतात, नेहमीच्या मर्यादेच्या वरच्या बाजूला, ते ह्याचसाठी.

तपासायचं कसं? काचेला चिकटवलेल्या गोल काट्याच्या मीटरवर अजिबात विश्वास ठेवू नका. प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब साप जिथे पोट टेकतो तिथे ठेवा, दुपारी बघू नका, पहाटे चार-पाचला बघा, किमान तापमान लक्षात ठेवणारा मीटर मिळतो तो घेतलात तर उठायचीही गरज नाही. तो रात्रीचा आकडाच सगळं सांगतो. दिवसा ३२ आणि पहाटे २४ असं असेल तर कारण सापडलं.

आता लाईट. आपल्याकडे वारा सुटला, एखादी फांदी तारांवर पडली की लाईट गेली, कधी तासभर तर कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती हे कोणी विसरलं नसेल. टँकला ऊब देणारी हीट मॅट फार वीज खात नाही, वीस-तीस वॅटचा मामला असतो, तेव्हा घरात इन्व्हर्टर असेल तर पंख्यांच्या आधी मॅट आणि थर्मोस्टॅटचा पॉइंट त्यावर घ्या. सिरॅमिक बल्ब मात्र इन्व्हर्टर लवकर उतरवतात. इन्व्हर्टर नसेल तर मासळीवाले बर्फ घालून मासे पाठवतात तो थर्माकोलचा खोका आणा, नवाकोरा, वापरलेला नको, झाकणाला भोकं पाडा, साप कापडी पिशवीत घालून आत ठेवा आणि शेजारी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा, पिशवीला थेट टेकवू नका. ऊब बऱ्यापैकी टिकते, पाणी निवलं की बदलायचं. मेमध्ये घरात आगोटीची तयारी चालते ना, सुकी मासळी, आमसुलं, सरपण, त्यातच सापाचा खोका, जास्तीचा थर्मोस्टॅट आणि जास्तीची मॅट ठेवून द्या, पावसात कुरियरची वाट बघत बसायची वेळ नको.

खालचा थर हा दुसरा संशयित. इथे नारळ घरचा म्हणून लोक सोडणं कुटून तो भुगा घालतात, एरवी उत्तम, पण पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो आणि दोन-तीन दिवसांत भुरी धरते, वर कोरडा दिसतो आणि तळाशी ओला असतो. तळात हात घालून बघा. पोटाचे खवले तांबूस किंवा फोड आल्यासारखे दिसत असतील तर आजार नाकातोंडावर थांबलेला नाही, पोटाखालूनही सुरू झालाय. आजारपणात सरळ वर्तमानपत्र घाला, रोज बदला, त्यावर शेंबूड पडलेला लगेच दिसतो. सॉ मिलचा भुसा नको, कुठल्या लाकडाचा आहे कळत नाही आणि वासाच्या लाकडाने फुप्फुसाला त्रास होतो. जाळीवर टॉवेल टाकून टँक बंद करायची सवय असेल तर तीही सोडा, ऊब धरून ठेवायच्या नादात हवा खेळायची बंद होते.

घरात फिनेलने लादी पुसता का? सापाच्या खोलीत बंद करा, फिनॉलची औषधं सरपटणाऱ्यांना विषारी असतात. मच्छरची कॉइल, लिक्विड मशीन, उदबत्ती, धुरी, सगळं दुसऱ्या खोलीत. आणि कोणीही विक्स, निलगिरीची वाफ, हळद, कुत्र्याच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या असलं काही देऊ नका, कितीही मायेने सांगितलं तरी नाही.

एक वेगळं करून घ्या, कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झालेले असताना नाकाच्या भोकात जुनी त्वचा अडकून शिट्टीसारखा आवाज येतो, कात पडली की जातो, तो आजार नाही. तसंच थंडीत बॉल पायथन महिनोन् महिने जेवत नाही आणि वजन टिकून असतं, तेही आजार नाही. तोंडात चिकट तार, उघडं तोंड आणि घटतं वजन, हे एकत्र दिसलं की घरचे उपाय संपले. किचनच्या डिजिटल काट्यावर आठवड्याला एकदा वजन करून वहीत लिहीत जा, पुढे ह्या वहीचा खूप आधार होतो.

घाई का करायची तेही सांगतो. सापाला आपल्यासारखा छाती-पोटाच्या मधला पडदा नसतो, त्याला जोर लावून खोकता येत नाही, त्यामुळे फुप्फुसात साचलेला चिकटा पन्हळीत अडकलेल्या पाल्यासारखा तिथेच राहतो आणि आणखी साचत जातो. शिवाय साप आजार लपवतो. आपल्याला आवाज ऐकू येतो तोवर आत बरंच झालेलं असतं.

डॉक्टर

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री येतात, सापाचा अनुभव प्रत्येकाला असेलच असं नाही, त्यात त्यांचा दोष नाही. सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर जास्त करून मुंबई-पुण्याकडे. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, तिथपर्यंत जाता आलं तर बघाच. पण पावसात घाटात दरड आलेली असते, रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, आजारी साप घेऊन रात्रभराचा प्रवास म्हणजे त्याचे हाल. त्यामुळे मधला रस्ता असा, की तिकडच्या जाणत्या डॉक्टरांशी फोनवर बोला, सापाच्या श्वासाचा आवाजासकट व्हिडिओ, वजनाची वही, पहाटेच्या तापमानाचे आकडे पाठवा, आणि इथल्या डॉक्टरांची त्यांच्याशी गाठ घालून द्या. इथले डॉक्टर इंजेक्शन देतात, नमुना घेतात, तिकडचे डोस ठरवतात. सापाचा डोस वजनावर अगदी काटेकोर असतो आणि काही औषधं तीन-तीन दिवसांनी एकदाच द्यायची असतात, कुत्र्यामांजराच्या हिशोबाने रोज टोचायचं नसतं, तेव्हा हे बोलणं दोघांमध्ये होऊ द्या, आपण मधे निरोप्या होऊ नका.

आजार परत आला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आधीच्या वेळी कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठला जिवाणू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ही तपासणी, केली होती का की अंदाजाने औषध दिलं? एक्स-रे काढायचा का? अंगावर माइट आहेत का, म्हणजे उवांसारखे बारीक किडे, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला बारीक काळे ठिपके, पाण्याच्या भांड्यात बुडालेले काळे कण? साप तासन् तास पाण्यात पडून राहत असेल तर ह्या माइटचाच संशय घ्यायचा. आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला सगळे घाबरतात: नायडोव्हायरस नावाचा विषाणू असेल का?

औषधाने न जाणारा आजार

बॉल पायथनमधला हा नायडोव्हायरस २०१४ मध्ये पहिल्यांदा शास्त्रीय लेखांतून पुढे आला, आता त्याला सर्पेंटोव्हायरस असंही म्हणतात. तोंडाच्या आतला भाग लालसर होतो, चिकटा फार येतो, तोंड उघडं राहतं, वजन उतरत जातं. अँटिबायोटिक दिलं की वरून चढलेले जिवाणू मरतात म्हणून साप आठ-पंधरा दिवस सुधारल्यासारखा वाटतो, खाली विषाणू तसाच. टँक ठीक आहे, ऊब ठीक आहे, कोर्स पूर्ण झालेत आणि तरी परत परत येतंय, तर हाच संशय. तपासणी तोंडातला स्वॅब घेऊन पीसीआरने होते, नमुना मोठ्या लॅबला पाठवावा लागतो, डॉक्टरांना विचारून व्यवस्था करा. एकदा निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं नाही, परत करावी लागते. ह्यावर औषध नाही. काही साप विषाणू अंगात घेऊन बरेच दिवस ठीक राहतात, काही पटकन खाली येतात.

दुसरा एक आजार आहे, आयबीडी (इन्क्लूजन बॉडी डिसीज) म्हणतात, अरेनाव्हायरसमुळे होणारा, २०१२ मध्ये हा संबंध सापडला. पायथनमध्ये तो मेंदूवर जातो, साप मान मागे टाकून वर बघत राहतो, उलटा केला तर सुलटा होता येत नाही. त्यालाही इलाज नाही.

काजूचा रिपोर्ट आला तेव्हा घरात कोणी बराच वेळ काही बोललं नाही. आईला सापाची भीती वाटायची, ती टँकच्या खोलीत कधी यायची नाही, त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तिला दुखतंय का रे? हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे आणि बाकी सगळे निर्णय त्यावरून घ्यायचे. वहीत बघा. वजन दर आठवड्याला उतरतंय का, पाठीचा कणा धारेसारखा वर आलाय का, जीभ बाहेर काढायची बंद झालीय का, दिवसभर तोंड उघडंच असतं का, पाठीवर उलटी ठेवली तर सुलटी होते का. चांगले दिवस जास्त की वाईट, हे मनाने नाही वहीने ठरवा, मन रोज सकाळी नवी आशा घेऊन उठतं.

कायमच्या झोपेच्या इंजेक्शनचा निर्णय घ्यायचा असेल तर तो डॉक्टरांकडूनच. आणि हे मी हात जोडून सांगतो, सापाला फ्रीजरमध्ये ठेवू नका. गारठून शांतपणे जातो असं पूर्वी सांगायचे, ते चुकीचं आहे, हळूहळू गोठणं वेदनेचं असतं म्हणून पशुवैद्यकात ते मान्य नाही. मान कापणं हाही उपाय नाही, सापाचा मेंदू ऑक्सिजनशिवाय बराच वेळ जिवंत राहतो. आधी भूल, भूल पूर्ण चढल्यावर दुसरं इंजेक्शन, मग मृत्यूची खात्री, असं टप्प्याटप्प्याने करतात. डॉक्टरांनी पूर्वी केलं नसेल तर आधीच फोनवर दुसऱ्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगा. आपण जवळ थांबायचं की नाही हे आपलं आपण ठरवायचं, मी थांबलो.

आणि रानात सोडून देऊ हा विचार कोणी सांगितला तर ऐकू नका. सांगणाऱ्याला वाटतं मोकळा केला, पण तो आफ्रिकेतला साप आपल्या पावसात उपाशी, धापा टाकत मरतो आणि जाता जाता इथल्या सापांना रोग देऊन जाण्याचा धोका वेगळाच.

गेला की नाही, हे कसं कळणार

घरीच गेला असेल तर घाई करू नका. गारठलेला साप मेल्यासारखाच दिसतो. आधी उबेत ठेवा, अठ्ठावीस-तीस अंशात काही तास. तोंडाच्या आतला रंग पांढरा-राखाडी झालाय का, शेपटीजवळच्या भोकाचा घट्टपणा गेलाय का, अंग कडक होतंय का बघा. शंका असेल तर डॉक्टर डॉपलरने हृदय बघतात. उलटही होतं, गेल्यावरसुद्धा अंगाचे स्नायू हलतात, हृदय बराच वेळ चालू राहतं, ते बघून आपण उगाच जिवंत होती का ह्या विचाराने पोखरून जातो. डॉक्टरांनी खात्री दिली असेल तर ते हलणं म्हणजे जीव नव्हे.

पोस्टमॉर्टेम करून घ्यायचं असेल, आणि घरात दुसरा साप असेल तर घ्याच, तर पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलं की आतल्या पेशी फुटतात आणि काही कळत नाही. चोवीस तासांच्या आत पोचवायचा प्रयत्न करा. बॉल पायथन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत येतो, २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर असते, तिथेच मृत्यूही कळवायचा. त्या दुःखात फॉर्म भरणं नकोसं होतं, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवा.

पुरताना विहिरीपासून आणि वहाळापासून लांब, कमीत कमी अडीच-तीन फूट खोल. पावसात खड्ड्यात पाणी भरतं म्हणून उंचवट्याची जागा बघा, वर माती दाबून चिरे ठेवा. इंजेक्शनने गेलेला असेल तर हे फारच महत्त्वाचं, औषध अंगात राहतं आणि कुत्र्याने किंवा कोल्ह्याने उकरून खाल्लं तर तेही दगावतं.

लोक

लोक बोलणार. बरं झालं ब्याद गेली, साप तो साप, त्याचं काय एवढं. श्रावणात गेला असेल तर नागपंचमीला घरोघर पूजा चालू असते आणि आपलं दुःख कुणाला दुःखच वाटत नाही. त्यांना समजवायच्या फंदात पडू नका. एक-दोन माणसं शोधा ज्यांनी प्राणी गमावलाय, कुत्रा असो, बैल असो, गोठ्यातली गाय गेल्यावर दोन दिवस न जेवलेली म्हातारी तुमच्या वाडीत नक्की असेल, ती ऐकून घेईल. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो, म्हणजे आणला तेव्हाच आपण पुढचं अर्ध आयुष्य त्याच्याबरोबर मोजलेलं असतं, ते सगळं एकदम तुटतं. रडू येणारच.

मुलांना झोपला किंवा निघून गेला असं सांगू नका. निघून गेला म्हटलं तर पोर कुंपणापाशी, दगडी गडग्यात शोधत फिरणार, आणि आपल्याकडच्या गडग्यात फुरसं असतं. मेला, आजार बरा होणारा नव्हता, दुखत होतं ते थांबलं, एवढं साध्या शब्दांत सांगा. पुरताना यायचं असेल तर येऊ द्या.

मी काय चुकलो हा प्रश्न रात्री येतो. तेव्हा वही उघडा. तापमान, वजन, औषधं, फोन, सगळं लिहिलेलं असतं, केलेलं दिसतं. झोप-जेवण बरेच दिवस सुटलं, कामात मन लागेना, तर १४४१६ वर टेली मानसला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. साप गेला म्हणून फोन केला असं सांगायला लाजायचं कारण नाही.

टँक कधी आवरायचा ह्याला नियम नाही, पण घरात दुसरा साप असेल तर थांबू नका, कारण तो अजून वाचवता येतो. त्याची खोली वेगळी, चिमटे-भांडी वेगळी, आधी निरोगी सापाचं सगळं करायचं मग आजाऱ्याच्या वस्तूंना हात लावायचा, हात साबणाने धुवायचे. लाकडाच्या फांद्या, कापडी पिशव्या, खालचा थर टाकून द्या. काच-प्लास्टिक साबणाने घासून मग पातळ ब्लीचमध्ये दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवून पूर्ण सुकवा, पावसात ऊन नाही तर पंख्याखाली दोन दिवस. राहिलेल्या सापाचा स्वॅब करून घ्या आणि काही महिन्यांनी परत करा, तो ठणठणीत दिसत असला तरी.

नवीन आणायचा असेल तर दिवाळीनंतर आणा, म्हणजे त्याला सहा-सात कोरडे महिने मिळतात आणि पुढच्या मिरगाच्या आत तुम्हाला त्याचं नेहमीचं वजन, नेहमीचा श्वास माहीत झालेला असतो. पहिले तीन महिने वेगळ्या खोलीत, स्वॅब करूनच.